खोगिरातला दाणा

अंजूरच्या कमळ धवलारणीचे हात वाढत चालले होते, आणि गावाला त्याचं कौतुक होतं.

आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीला धवला लागतो, आणि तो गायला धवलारीण. कमळनं हे धवले मावशीच्या मांडीला मांडी लावून उचलले होते. अक्षर एक येत नव्हतं, ओळ एक चुकत नव्हती. गेल्या पाच-सहा वर्षांत तिच्या हातात जुन्या मापाच्या बांगड्या चढेनात. पायात नवऱ्याच्या चपला आल्या. जबडा रुंदावला, आवाज जाडावला. हळदीला जमलेल्या बाया म्हणायच्या, "जमीन गोडाऊनला दिली नं, भाडा अंगाला लागला कमळबायच्या!" कासारीण हात दाबता दाबता दमायची, "तुना बांगड्या न्हाय गो, बैलगाडीची धाव घालावी लागंल." आवाजाची तर वाहवाच होती. माईक बंद पडला तरी रस्त्यापलीकडं जायचा. कमळलाही वाटे, देवानं उतारवयात गळ्यात वजन घातलं.

मग शेजारच्या पूर्णा गावातल्या एका हळदीत ती नवरीच्या गालाला हळद लावून वळली आणि शेजारी उभी करवली तिला दिसलीच नाही. ताट पोरीच्या अंगावर उपडं. बाया खळाळून हसल्या. कमळची सून पूर्वी मात्र हसली नाही. घरातही सासूबाई चौकटीला खांदा घासून जातात, हे तिनं पाहून ठेवलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकेक ठिपका पेटवून तपासलं. समोरचं लख्ख दिसत होतं, दोन्ही कडांचं विझलं होतं. त्यांनी डोक्याचा एमआरआय लिहून दिला.

टेमघरच्या सेंटरात मशीन चालवणारी माधवी म्हणाली, "मावशी, आवाज होईल, घाबरू नका. फक्त हलायचं नाही."

कमळ मशीनच्या बोगद्यात सरकली. खटखट सुरू झाली. आधी वाटलं, कुणी कापडाची लूम चालू केली. मग त्यात ताल सापडला, आणि ताल सापडल्यावर धवलारीण गप्प कशी राहणार?

बाहेर पडद्यावरचं चित्र पाण्यात पडलेल्या सावलीसारखं थरथरत आलं. माधवीनं माईक दाबला. "मावशी, गाताय की काय?"

"लगीन लागल्यावानी वाजतंय नं गो!"

"ओठ, हनुवटी काही हलवू नका. सगळं परत करावं लागेल आता."

दुसऱ्या खेपेला कमळनं ओठ मिटले आणि धवला आत सोडला. मांडव, तेल, हळद, सगळं ओळीनं येत गेलं. मधे हातात औषधाची सुई लागली, तरी ओळ तुटली नाही. जिभेवर न येताही गाणं अख्खं वाहतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पण वाहतं कुठून?

सेंटरच्या डॉक्टर अदितींनी तिघांना पडद्यापुढं बसवलं, कमळला, नवऱ्याला आणि सुनेला. काळ्या पडद्यावर कमळचं डोकं मधोमध चिरलेल्या फळासारखं उघडं होतं.

"हे बघा, नाकाच्या मागं, डोक्याच्या अगदी मधे, हाडाचं खोगीर आहे. प्रत्येक माणसाला असतं. त्यात वाटाण्याएवढी ग्रंथी बसते, पीयूषिका. सुईतून दिलेलं औषध तिनं लगेच प्यायलं, म्हणून ती उजळली. आणि ही मागं राहिली, काळपट, ती गाठ. ही खोगिरातून वर चढलीय. डोळ्यांच्या नसा वर जिथं एकमेकींना ओलांडतात, तिथं खालून रेटतेय. म्हणून कडा विझल्या."

"आणि हात?" पूर्वीनं विचारलं.

"रक्त तपासायचंय अजून. पण हात, पाय, जबडा, आवाज, बहुतेक सगळं इथूनच."

कमळ पुढं वाकली. आईच्या पोटात असल्यापासून हा दाणा तिथं बसला होता, कुणी न पाहता. ह्यानंच तिला रांगती केली, उंच केली, न्हाती केली. माणसाचं माप इथून सुटत होतं, आणि ती समजत होती गोडाऊनचं भाडं! तिनं नकळत पडद्याला हात जोडले. मग हळूच विचारलं, "माजे धवले ह्यान कुठं हायेत?"

डॉक्टर म्हणाल्या, "ते फोटोत दिसत नाहीत, मावशी. गाठीच्या जागी ते नसावेत. ऑपरेशनही नाकातून, खालून करतात. पण ते तुम्हाला सर्जन नीट सांगतील."

घरी आल्यावर कमळ हटून बसली. "मना न्हाय करायचा ऑपरेशन."

"डोलं गेलं तर नवरी कशी बघशील?" नवरा, बाळाराम, ओरडला.

"डोलं गेलं तरी धवला म्हनता येतो. धवला गेला तर डोल्यांनी काय बघू?"

पूर्वी पुढं सरकली. "मग ऑपरेशनच्या आधी धवला मना द्या. तुमच्यातून गेला तर माझ्यात राहील."

"तू? गोडाऊनच्या ऑफिसात कम्प्युटर बडवनारी?"

"शिकवून तर बघा."

बारा दिवस दोघी पडवीत मांडीला मांडी लावून बसल्या. पूर्वीनं वही काढली की कमळ ती ओढून घ्यायची. "तोंडातून तोंडान. कागदान न्हाय." सगळं नाही आलं. हळदीचा धवला तेवढा आला, अडखळत. तेराव्या दिवशी कमळ मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखल झाली.

शुद्धीवर आली तेव्हा नाक गच्च भरलेलं होतं, श्वास तोंडानं. बाळाराम एकेक बोट दाखवत विचारू लागला, "किती गो? आता किती?" ती नुसती बघत राहिली. पूर्वीला राहवेना. तिनं खाटेला टेकून हळूच धवला धरला:

"पयली हलद लावू मांडवाच्या मेढीला,
तिसरी हलद लावू नवरीच्या…"

खाटेवरून जाड बोट वर उठलं. "थांब." घोगरा, कोरडा आवाज. "दुसरी खाल्लीस."

कमळनं ओठ ओले केले आणि तोंडानंच दम घेत, ओळ जागेवर ठेवली:

"दुसरी हलद लावू दर्याच्या पान्याला,
कोन येतं न्हाय येतं, मान त्याचा त्याला."