कुंपण निघायच्या आधी

नणंदेने बोक्याचं डोकं गुडघ्यांत घट्ट धरलं आणि औषधात बुडवलेला कापसाचा बोळा त्याच्या नाकावर टेकवला. बोक्या खरं तर कुत्रा. पिल्लू असताना दिवसभर उन्हात लोळायचा, म्हणून हे नाव चिकटलं. आता मात्र रस्त्यावरून गाडी गेली की तो तारेच्या जाळीला घासत अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट सुटायचा आणि शेवटच्या खांबावर जाऊन आदळायचा. आज नाक सोलवटून घेतलं होतं.

"पुढच्या सोमवारी जाळी काढणार आहेत," भावजय शिलाई मशीनवरची मान न उचलता म्हणाली. "नगरपालिकेचे लोक आज परत सांगून गेले. रस्ता रुंद करायचाय. भिंत बांधून देणार, पण महिन्याभराने."

"आणि तोवर याचं काय?"

भावजयीने सुईत दोरा ओवला. याला बांधून ठेवणं म्हणजे काय, ते दोघींनीही पाहिलं होतं. मागे एकदा जीभ निळी पडेपर्यंत त्याने साखळी ओढली होती.

घरात दोघीच होत्या. नणंद इस्पितळाच्या औषधखिडकीवरून निवृत्त झालेली, भावजय घरी शिवणकाम करणारी. एकीचा दादा आणि दुसरीचा नवरा असलेला माणूस जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी जपून बोलत. भांडण असं नाहीच, पण मोकळेपणही नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला तो अगदी साधा. "गाडी दिसली की याचं डोकं बंद पडतं. ते बंद पडायच्या आत हाक मारायची आणि वळून पाहिलं की तुकडा द्यायचा. सुरुवात जाळीपासून लांबून करा, मग रोज थोडं जवळ. पण गाडी एकच हवी, हळू चालणारी, आणि पुन्हा पुन्हा जाणारी."

"आपल्यासाठी गल्लीत तासभर घिरट्या घालायला कोण रिकामं बसलंय?" घरी आल्यावर नणंद म्हणाली.

"आपली गाडी आहे की."

नणंदेने चमकून पाहिलं. भावजयीने बारा वर्षांपूर्वी परवाना काढला होता. पहिल्याच आठवड्यात गाडीचा आरसा फाटकाला घासला. "हे तुझं काम नव्हे," दादा म्हणाला होता आणि नणंद पोट धरून हसली होती. त्यानंतर किल्ली त्याच्या खिशातून बाहेर आली नाही.

"जमेल का गं तुला, वहिनी?" तिने विचारलं, आणि विचारल्याक्षणी जीभ चावली.

"बघू," भावजय म्हणाली.

मेकॅनिकने येऊन नवी बॅटरी बसवली. पहिल्या दिवशी गाडी फाटकाबाहेर आचके देत निघाली आणि चार वेळा बंद पडली. नणंद दोरी धरून घराच्या पायरीपाशी बसली होती. तिने ओठ मिटून घेतले. बोक्याने गाडी पाहताच कान ताठ केले, तशी ती म्हणाली, "बोक्या!" त्याने वळून पाहिलं. ब्रेडचा तुकडा गट्टम केला आणि पुढच्याच फेरीला तिला दोरीसकट तीन हात फरफटत नेलं.

"लागलं का, ताई?" भावजयीने काच खाली करून विचारलं.

"मला काय होतंय! तू चालव!"

रोज संध्याकाळी तोच क्रम. गाडी जाळीशेजारून जायची, कोपऱ्यावर डावीकडे वळायची आणि घरांच्या रांगेला वळसा घालून परत यायची. चौथ्या दिवसापासून इंजिन बंद पडेना. सातव्या दिवशी बोक्या जाळीपासून पाच पावलांवर बसून गाडी येताना बघत राहिला आणि ती समोर यायच्या आत स्वतःच नणंदेच्या हाताकडे वळला. त्या रात्री जेवताना दोघी बराच वेळ बोलल्या. निम्मं बोलणं बोक्याबद्दल होतं.

सोमवारी सकाळी माणसं आली. तासाभरात जाळी गुंडाळली, खांब उपटले आणि टेम्पोत टाकून गेली. अंगण आणि रस्ता यांच्यात आता एकट्या फाटकाशिवाय काहीच उरलं नाही. नणंदेने दोरी हाताला दोन वेढे देऊन धरली.

भावजयीची गाडी आली. बोक्या थरथरला, पुढचा एक पाय उचलला. नणंदेने हाक मारली नाही, दोरीही ओढली नाही. त्याने पाय खाली टेकवला आणि बसला. गाडी हातभर अंतरावरून निघून गेली.

"शाब्बास रे! वहिनी, पाहिलंस?" ती ओरडली.

गाडी कोपऱ्यावर पोचली होती. मागचा दिवा लुकलुकू लागला, पण उजवीकडचा. गाडी मोठ्या रस्त्याला लागली.

नणंद उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. भावजयीचा फोन आत मशीनवरच होता. एक ट्रक धडधडत गेला. बोक्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पायांवर ठेवली. नणंदेकडून त्याला तुकडा द्यायचा राहून गेला.

पाऊण तासाने गाडी परतली, ती सावकाश, एका झोकात फाटकातून आत आली. भावजय उतरली. केस वाऱ्याने विस्कटले होते.

"कुठे गेली होतीस?"

"पंपावर. टाकी भरून आणली."

"पूर्ण?" नणंदेने विचारलं. "गल्लीतल्या फेऱ्यांना एवढं कशाला लागतंय?"

भावजयीने दार लावलं आणि केस कानामागे सारले.

"गल्लीतल्या फेऱ्यांना नाही लागत," ती म्हणाली.