नळीवरचं साल

“शेवटचा स्क्रू राहिलाय,” आस्मुंड म्हणाला. “हा निघाला की बंदुकीचं लाकूड सुटेल.”

“काढायलाच हवं का?” ग्रामसंग्रहालयाचा अध्यक्ष आयविंड पुन्हा घड्याळाकडे बघत होता. “उद्या अकराला समारंभ आहे. साल वरच कोरलंय, एकोणीसशे सात. अजून काय पाहिजे तुम्हाला?”

“ते साल मधल्या पोलादी पेटीचं, गोळ्या भरतात तिचं. नळी वेगळी बसवतात, नंतर बदलताही येते.”

लष्कराच्या दुरुस्तीखात्यात आस्मुंडने छत्तीस वर्षं बंदुकांचे नंबर तपासले होते. ही क्राग रायफल, लष्करातली जुनी बंदूक, मात्र त्याच्या शेजारणीची, ओलाउगची होती. तिच्या माळ्यावर फळ्यांमागे ती सापडली होती. एकोणीसशे चाळीसच्या एप्रिलमध्ये चालून आलेल्या जर्मनांना पुलावर रोखून धरणाऱ्यांत तिचा बाप हाल्वोर होता, असं सगळं खोरं मानायचं. उद्या, जर्मनांच्या ताब्यातून देश सुटला त्या मुक्तीच्या दिवशी, ती बंदूक आस्मुंडच्या सहीच्या दाखल्यासह काचेच्या पेटीत जाणार होती.

ओलाउग खिडकीपाशी थर्मासमधून कॉफी ओतत होती. आस्मुंडची बायको गेल्यापासून रोज संध्याकाळी त्याच्या दारावर टकटक करणारं ते एकच माणूस होतं.

लाकूड सुटलं. त्याने नळी दिव्याखाली उलटी धरली, फडक्याने ग्रीस पुसलं आणि तो थांबला. पंख पसरलेला इवलासा गरुड. खाली बेचाळीस.

त्याचा अंगठा आपोआप त्या खुणेवर गेला.

“काय झालं?” आयविंडने वाकून अंगठ्याखाली डोकावलं आणि तो एकदम हळू आवाजात बोलायला लागला. “जर्मनांचा शिक्का? मग शत्रूकडून हिसकावली असेल की! ते तर आणखी चांगलं.”

“असेलही. नळी तेवढं सांगत नाही. पण चाळीस साली पुलावर ही नळी नव्हती, हे नक्की. तेव्हा ती बनलेलीच नव्हती. बेचाळीसला ही बंदूक जर्मनांच्या हातात होती.”

“लाकूड बसवा परत. आत कोण बघतंय?”

आस्मुंडने स्क्रू उचलला. एवढा एक स्क्रू पिळला की उद्या संध्याकाळीही दारावर टकटक होणार होती.

“आस्मुंड,” मागून ओलाउग म्हणाली, “अंगठा काढ.”

ती कधी येऊन उभी राहिली, दोघांनाही कळलं नव्हतं. चष्मा चढवून तिने ती खूण बराच वेळ पाहिली.

“मला वाटायचं, तुझ्या नजरेतूनही सुटेल.”

“तुला ठाऊक होतं?”

“पुलावर नव्हताच तो. तळघरात होता, आईजवळ. बेचाळीसला जर्मनांनी आणलेल्या सर्ब कैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याची नोकरी धरली. ही बंदूक तिथली. मी सात वर्षांची होते. त्याचा डबा पोचवायचे. ब्रेड आणि तपकिरी चीज. कुंपणापलीकडची माणसं माझ्याकडे नाही, डब्याकडे बघायची.”

“पण पुलाची गोष्ट?” आयविंड पुटपुटला.

“ती लोकांनीच रचली, युद्धानंतर आम्ही दुसरीकडून इथे राहायला आल्यावर. आई म्हणाली, गप्प बस. आणि खरं सांगू? ऐकायला बरं वाटायचं रे.”

“अहो, मग आताही गप्पच राहा ना. छापलेली पत्रकं गावभर गेलीत!”

“आस्मुंडला विचार. त्याने दाखल्यात खोटं लिहून दिलं तर मीही गप्प बसते.”

आस्मुंडने स्क्रू टेबलावर ठेवला, पाठकोरा कागद ओढला आणि लिहिलं: बंदुकीची पोलादी पेटी १९०७. नळी १९४२, जर्मनांच्या ताब्यातल्या कारखान्यातली. खाली सही केली. कॉफी तशीच थंड झाली होती.

सकाळी आयविंडने भाषण करायला नकार दिला. काचेच्या पेटीत लाकूड एका बाजूला होतं, नळी दुसऱ्या बाजूला, खूण वर करून. ओलाउग पारंपरिक लोकरी पोशाखात, छातीवर चांदीची पिन लावून पुढे आली. कागद तिने स्वतः वाचायला घेतला; आस्मुंडच्या सहीखाली तिने आपल्या ओळी लिहिल्या होत्या. बापाचं पूर्ण नाव घेतलं, छावणीचं घेतलं. मागच्या दोन रांगा उठून बाहेर गेल्या. दार वाजत राहिलं.

आस्मुंडने तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. ती बसली नाही. दार वाजायचं थांबलं, तेव्हा तिने पुढची ओळ वाचायला घेतली.