रत्नमालानं लावलेलं स्टेशन

कडुबाच्या रेडिओचा रत्नमालाला राग यायचा. चितेगावच्या कारखान्यात दिवसभर प्रेस मशीनवर उभा राहून नवरा हर्सूलला घरी येई, आणि दोन शब्द न बोलता दिवेलागणीला गच्चीवर जाऊन बसे. पाण्याच्या टाकीपासून शेजारच्या लिंबापर्यंत त्यानं तांब्याची तार ताणली होती. मीडियम वेव्हवर काटा केसभर सरकवत तो खरखरीतून परदेशातली स्टेशनं शोधायचा. श्रीलंका, थायलंड, इराण. भाषा एकही कळत नसे. कळायचं कशाला, एवढ्या लांबून माणूस बोलतंय तर आपण ऐकावं, असं त्याचं म्हणणं.

रिटायर झाल्यावर तो पहाटेही बसू लागला. आपल्याकडं उजाडत आलं तरी पश्चिमेला अंधार असतो, तिकडची स्टेशनं तेव्हा चांगली लागतात, हे त्यानं तिला कितीदा सांगितलं असेल. तिनं कधी मनावर घेतलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात त्याची चिडचिड वाढली. देशोदेशीची स्टेशनं बंद पडताहेत, गल्लीतल्या एलईडी दिव्यांनी नुसती खरखर वाढवलीय, अशी तक्रार चालायची. एका पहाटे ती चहा घेऊन वर गेली.

"संपलं सगळं," तो म्हणाला. "कायच नाय आता."

रत्नमाला कप धरून उभीच राहिली. रेडिओतून एक बाई बोलत होती. आवाज बारीक, पण स्वच्छ.

गप्प बसावं, स्टेशनं बंद पडली असंच त्याला वाटू द्यावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण ते काही तिला जमेना. ती शेजारी बसली आणि त्याच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, "अहो, बाई बोलायलीय. मला ऐकू येतंय."

कडुबा तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं रेडिओ बंद केला.

मशीनच्या आवाजानं कान गेलेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. कानाच्या यंत्रानं समोरच्याचं बोलणं कळेल, खरखरीतला बारीक आवाज मात्र कठीण. यंत्र आलं. त्याच दिवशी त्यानं तार उतरवून पलंगाखाली सारली. जेवायचा, विहारात जाऊन यायचा, पण घरात असून नसल्यासारखा.

अशातच उन्हाळा लागला. एका पहाटे रत्नमाला तार घेऊन एकटीच वर गेली. बांधता येईना, तेव्हा खाली येऊन तिनं त्याला उठवलं. तो कुरकुरत आला, पण तार बांधली. तिनं रेडिओ मांडीवर घेतला. काटा किती सरकवायचा, रेडिओ जागच्या जागी फिरवला की आवाज कसा उघडतो, हे तो तिचे हात धरून दाखवत राहिला.

बराच वेळ खरखरच होती.

"थांबा," ती म्हणाली. "गडी माणूस हाय. बातम्या देतंय जणू."

"भाषा?"

"उर्दूवानी. पर उर्दू नाय."

कडुबा पुढं सरकला. "फारसी व्हय ती. इराण असंल. म्हातारा हाय का तरणा?"

तिनं कान रेडिओला टेकवला. "म्हातारा. मधीच खाकरला."

कडुबानं डोळे मिटले. ती सांगत राहिली: आता वाजंत्री, आता पुन्हा तोच माणूस. पूर्वेला उजाडलं, तसा आवाज विरत चालला.

"गेलं," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, पण तो उठला नाही. तिनं काटा केसभर पुढं सरकवला.