जितेंद्र सरांची पकड

जितेंद्र सरांनी कामिनीला कबड्डीच्या संघातून काढलं ते विद्यापीठाच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, आणि तेही साऱ्या पोरींच्या देखत.

"तुयं वजन पाह्य वं," ते म्हणाले. "मॅटवर पळशील का लोळशील? मेघा खेळन."

मेघा म्हणजे सरांच्या मेव्हण्याची पोरगी. पोरी हसल्या. काही माणसं अपमान गिळतात आणि देवावर सोपवतात. कामिनी त्यातली नव्हती. देवाला वेळ लागतो, तिला घाई होती.

तिनं मोबाइलवर रग्बी पाहिली. चांगल्या भरल्या अंगाच्या पोरी एकमेकींना आडव्या करत होत्या आणि लोक टाळ्या वाजवत होते. दुसऱ्याच दिवशी तिनं प्राचार्य वंदना मॅडमकडे अर्ज दिला, की कॉलेजात मुलींचा रग्बी क्लब हवा. सोबत नियमांचा कागदही जोडला. मग सरांनी जाडी, आळशी, बिनकामाची म्हणून बाहेर बसवलेल्या साऱ्या पोरी तिनं हुडकून काढल्या आणि प्रताप नगरातल्या एका मोकळ्या प्लॉटवर सराव सुरू केला.

पण साऱ्या मूळच्या कबड्डीच्या. कबड्डीत पकड बसली की समोरचीचा दम सुटेपर्यंत सोडायचं नसतं. रग्बीत उलटंच: चेंडूवालीला पाडायचं आणि पाडल्याबरोबर सोडायचं, नाहीतर शिट्टी, आणि चेंडू पुन्हा त्यांनाच. डोक्याला कळलं तरी हात ऐकेनात. "सोड वं माय, सोड!" असं ओरडून कामिनीचा घसा बसला. ती खोड मोडायला दीड महिना गेला.

मॅडम सही करणार, तेवढ्यात सरांनी खोडा घातला.

"मॅडम, मैदान एकच हाये. अन हे पकडापकडी त माह्या पोरी हसत खेळतीन. लावा मॅच. ह्या हरल्या त क्लब बंद."

मॅडम हो म्हणाल्या.

"पाडलं की सोडाचं असते, हे सांगू का वं त्याइले?" कामिनीच्या संघातल्या मायानं विचारलं.

"काहून? कागद अर्जालेच लावला होता. वाचाचा होता."

शनिवारी सकाळी सात-सात जणींचा सामना झाला. पंच बाहेरून बोलावलेली होती. पहिल्याच मिनिटाला मेघानं कामिनीला झकास पाडलं आणि कंबर धरून ठेवली.

"शाबास! सोडू नको!" सर गरजले.

शिट्टी वाजली. चेंडू कामिनीकडे. पुन्हा पकड, पुन्हा शिट्टी. पंच हातवारे करून समजावत होती, पण सरांना वाटलं, पोरीच ढिल्या पडताहेत.

"सर, पंच सोडा म्हणून राहिल्या," मेघा म्हणाली.

"तू मले शिकवशील का? घट्ट धर!"

तिनं घट्ट धरलं. पंचानं पिवळं कार्ड दाखवून तिला बाहेर बसवलं. कामिनीचा संघ सहा वेळा रेषेपार गेला आणि प्रत्येक वेळी चेंडू टेकवून गुण घेतला की कामिनीनं सरांकडे पाहिलं. तिला दया आली नाही. खरं सांगायचं तर मजा आली.

मॅडमनी मैदानातच अर्जावर सही केली. तिकडे सर सगळ्यांसमोर मेघावर तुटून पडले होते, "तुयाच्यानं हरलो!" मेघानं ऐकून घेतलं, तोंड पुसलं आणि सरळ कामिनीसमोर येऊन उभी राहिली.

"माह्यं नाव लिही."

कामिनीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. हिनंच तिची जागा घेतली होती.

"पहिल्या तीन मॅच बाहेर बसशील. पाण्याच्या बाटल्या भरशील."

"भरीन."

"मेघा, घरी चल!" सर ओरडले. मेघानं मान वळवली नाही.

कामिनीनं नाव लिहिलं आणि सरांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अजून कोणाले याचं हाये?"

कबड्डीतल्या दोघी पुढे आल्या. सरांकडे चौघी उरल्या, आणि कबड्डीला लागतात सात. त्या चौघीही सरांकडे बघत नव्हत्या.

लिहायला जागा लागणार म्हणून कामिनीनं वहीचं पान उलटलं.