माझ्या बुडाखालचा कागद

मी खलबत्ता बोलतोय, आणि जरा तोऱ्यातच बोलतोय, कारण या घरात चाळीस वर्षं माझ्याइतकं कुणी राबलेलं नाही. काळा दगड, जाड बूड, आत ओंजळभर खड्डा. ज्या पाथरवटानं मला घडवलं त्यानं बुडाला एका बाजूनं छिन्नी जरा जास्तच मारली, म्हणून ओट्यावर ठेवलं की मी डुगडुगतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात विकत आणलं. मिरी, लसूण कुटायला हवा, असं त्या दुकानदाराला म्हणाल्या. खरं कारण वेगळंच होतं. त्यांच्या नवऱ्याला ताप आला होता आणि नवऱ्याला गोळी गिळता येत नव्हती.

आता नवरा म्हणजे कोण, तर ओतशाळेतले फोरमन. वितळलेलं लोखंड साच्यात ओततात, तिथले. हे नुसते दारात उभे राहिले की तीनशे कामगारांच्या गप्पा बंद. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. आणि हेच गृहस्थ घरी शर्टाच्या बटणाएवढी गोळी जिभेवर ठेवली की घामाघूम. मान मागे, डोळे पांढरे, घशात घरघर, आणि गोळी पुन्हा तळहातावर. मग बाई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. मी आणि बत्ता दोन मिनिटांत भुकटी करून द्यायचो, ती मधात कालवली जायची, आणि फोरमन डोळे मिटून आ करायचे. तोंड पुसून बाहेर आले की पुन्हा आपले वाघ.

हे कुणाला कळता कामा नये, एवढंच त्यांनी पहिल्या दिवशी बजावलं होतं. कळलंही नाही. त्यांची लेक लहानाची मोठी झाली, लग्न होऊन गेली, तरी तिला वाटायचं की आई मिरी कुटतेय. पुरुषांची अब्रू कशाकशात अडकलेली असते, हे बघून मला दगडालासुद्धा हसू यायचं.

निवृत्तीला दोन वर्षं झाली आणि फोरमनना रक्ताचा कर्करोग निघाला. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, रोज सकाळी एक. त्या संध्याकाळी बाईंचे भाऊ आले. यांना जगातलं सगळं कळतं. सोफ्यावर रेलून म्हणाले, सुई नाही, सलाईन नाही, केस जागच्या जागी, मग हा कसला कर्करोग? सर्दीपडशासारख्या गोळ्या तर आहेत. सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. लोकांचा असा समज दिसतो की जे शिरेतून जातं ते औषध, आणि जे पाण्याबरोबर जातं तो नुसता उपचार म्हणून उपचार.

दवाखान्यात मात्र नर्सबाईंनी फोरमनना खोलीत बसवून सगळं नीट सांगितलं होतं. बाई तेव्हा औषधांच्या खिडकीशी रांगेत उभ्या होत्या, हेच नडलं. गोळी अख्खी गिळायची. तोडायची नाही, कुटायची नाही, तिची भुकटी उडता कामा नये. दुसऱ्या कुणी उघड्या हातानं धरायची नाही, आणि गरोदर बाईनं तर तिच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, फोन करायचा. हे सगळं छापलेला कागद त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, काही अडचण?

एवढा मोठा फोरमन, पण मूग गिळून गप्प बसला. मूग बरे गिळता येतात!

घरी आल्यावर बाईंनी विचारलं, कशी घ्यायची? रोज सकाळी एक, एवढंच आहे, हे म्हणाले. कुटायची का? नेहमीसारखी, म्हणाले. आणि खिशातला कागद चार घड्या घालून माझ्या बुडाखाली सरकवला. मी डुगडुगायचा थांबलो. चाळीस वर्षांनी का होईना, घरातली एक वस्तू दुरुस्त केलीत, असं म्हणून बाईंनी त्यांचं कौतुक केलं.

असे तीन आठवडे गेले. कडेला चिकटलेली भुकटी बाई बोटानं निपटून घ्यायच्या, उरलेली फुंकर मारून उडवायच्या. मग मला नळाखाली धरायच्या आणि त्याच खड्ड्यात लसूण टाकायच्या. त्यांच्या बोटांची आग व्हायला लागली, तर त्यांनी साबण बदलला. मी बोलू शकत नाही ही माझी अडचण. ज्यांना बोलता येतं त्यांची काय होती?

मग लेक आली. सातवा महिना होता, चार दिवस विसाव्याला आली होती. आता आली का पंचाईत! फोरमन बायकोला म्हणाले, हिला स्वयंपाकघरात काही करू देऊ नकोस. बाईंना वाटलं, बापाची माया. माया होतीच, पण खरं सांगायची हिंमत नव्हती.

तिसऱ्या सकाळी बाई आंघोळीला गेल्या होत्या. फोरमन पेपर वाचत बसले होते. आईला जरा आराम द्यावा म्हणून लेकीनं सूप करायला घेतलं, माझ्यात चार मिरी टाकल्या आणि बत्ता उचलला.

"खाली ठेव तो!"

तो ओतशाळेतला आवाज होता. लेक जागच्या जागी थिजली. म्हणाली, बाबा, मिरी कुटतेय.

"ठेव, पोरी. हात धू. साबणानं धू."

आरडाओरडा ऐकून बाई ओल्या केसांनिशी धावत आल्या. खलाखाली कागद आहे, तो काढ, फोरमन त्यांना म्हणाले. बाईंनी मला कलतं केलं, घड्या उलगडल्या आणि वाचायला लागल्या. दुसऱ्या ओळीवरून त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

"तीन आठवडे मी कुटतेय. तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं."

"हिच्या पानात मी याच्यातलाच लसूण वाढला."

फोरमन लेकीकडे न बघताच म्हणाले, "मला गोळी गिळता येत नाही. कधीच आली नाही. लाज वाटली सांगायला."

लेकीनं पोटावर हात ठेवला होता. ती फक्त एवढंच म्हणाली, "एवढ्यासाठी, बाबा?"

चाळीस वर्षांत मी पुष्कळ काही कुटलं. पण इतकं बारीक कुणाला होताना पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात फोन फोरमननीच केला. नर्सबाई रागावल्या नाहीत, ते त्यांना जास्तच लागलं. म्हणाल्या, गिळता न येणारे पुष्कळ असतात, ते सांगतात आणि आम्ही वाट काढतो, तुम्ही सांगितलं नाहीत. तिघांना लगेच बोलावलं. माझ्याबद्दलही बोलल्या. खलबत्ता पुन्हा स्वयंपाकात नको, दोन पिशव्यांत बांधा आणि इकडे आणून द्या. त्या दिवशीच्या धांदलीत मी मागे राहिलो.

बाईंचं रक्त ठीक निघालं. बाळाचे ठोके चांगले आहेत, पण डॉक्टर शेवटपर्यंत लक्ष ठेवणार आहेत. ते बाळ हातात येईपर्यंत या घरात कुणाला सुखाची झोप नाही. फोरमनना दवाखान्यात खुर्चीत ताठ बसवून गिळायला शिकवलं. आधी साखरेचा दाणा, मग जरा मोठा खडा. तोंडात पाण्याचा घोट, हनुवटी जराशी खाली, आणि मान मागे टाकायची नाही. चाळीस वर्षं हा माणूस मान मागे टाकत होता!

आज सकाळी पहिल्यांदा घरच्या टेबलावर गोळी गिळायची होती. मी दाराशी पिशवीत होतो, पण ऐकू येत होतं. बाटलीच्या झाकणातून गोळी थेट जिभेवर. एक घोट. खोकला. बाई म्हणाल्या, घाई नको. दुसरा घोट. मग पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज.

"गेली," फोरमन म्हणाले. आणि बाई रडायला लागल्या.

आता मला दवाखान्यात न्यायला फोरमन आलेत. तुमच्याही घरात असा एखादा वाघ असेल, तर त्याला सांगा, बाबा रे, जे जमत नाही ते ज्यांचं काम आहे त्यांच्या कानावर घाल. कानावर घातलेली लाज दोन दिवसांत विरते. बायकोला कुटायला लावलेली घरभर उडते.

फोरमननी मला उचललं. चाळीस वर्षं मी त्यांचं गुपित पोटात ठेवलं, आणि मला उचलताना त्यांनी हातमोजे घातले. बरोबरच केलं म्हणा. लेक जिन्याशी उभी होती, तिला त्यांनी हातानंच दूर राहायची खूण केली, आणि मी जाईपर्यंत ती जवळ आली नाही.

मला राग नाही. तीन आठवड्यांपूर्वी नर्सबाईंना खरं सांगितलं असतं, तर मी आत्ता ओट्यावर डुगडुगत असतो.