तीन नंबरची लेन

कार्टूनपट बनवणाऱ्या एका स्टुडिओत वहिनी सर्व्हर सांभाळायची आणि तिची नणंद नेटवर्कचे स्विच. दोघींचं बोलणं अकरा दिवसांपासून बंद होतं. नणंदेने मांजर पाळली आणि तिला वहिनीचं माहेरचं लाडकं नाव ठेवलं, ठमी. त्यात मांजर चांगली गुटगुटीत.

नेमकी तेव्हाच सर्व्हरसाठी नवी नेटवर्क कार्डं आली. त्यांच्यामुळे एका मशीनला दुसऱ्याच्या मेमरीतून चित्रं थेट उचलता येणार होती, तिथल्या प्रोसेसरला न उठवता. फक्त वाटेत डेटाची पॅकेटं सांडता कामा नयेत. म्हणून त्यांच्यासाठी नेटवर्कवर एक लेन राखून ठेवायची. गर्दी झाली की स्विच तिथली पॅकेटं टाकून न देता कार्डाला 'जरा थांब' म्हणतो. पण लेनचा नंबर कार्डावर आणि स्विचवर एकच हवा.

वहिनीने कार्डावर तीन नंबर लावला. आता नणंदेला कळवायचं कसं? तिने नवऱ्याला फोन लावला. तो दातांचा डॉक्टर.

"तुझ्या बहिणीला सांग, तीन नंबरची लेन राखून ठेव म्हणावं."

"बरं," तो म्हणाला, आणि समोरच्या पेशंटकडे वळला. "आ करा. अरेरे, चार नंबर काढावा लागणार!"

दाढ काढून झाल्यावर त्याने बहिणीला निरोप दिला, "वहिनीने चार नंबर सांगितलाय."

सकाळच्या चाचणीत चार-दोन चित्रं वाऱ्यासारखी आली. डायरेक्टर खूश! मग अख्खा प्रसंग सोडला, आणि पडद्यावरचा हत्ती एक पाय वर करून तसाच उभा राहिला. सांडलेल्या पॅकेटांचा आकडा भराभर चढू लागला. वहिनीने केबल बदलली, कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. पलीकडच्या खोलीत नणंद स्विचचे पोर्ट बंद-चालू करत होती. चूक समोरचीच, याबद्दल दोघींना तिळमात्र शंका नव्हती.

वहिनीने पुन्हा नवऱ्याला फोन केला. "तिला विचार ना, तिकडे काय चाललंय?"

"माझे हात पेशंटच्या तोंडात आहेत!" तो ओरडला. "एकाच मजल्यावर बसता ना गं तुम्ही?" फोन बंद.

नाइलाजाने वहिनी उठली.

"मी मांजरीबद्दल बोलायला आलेली नाही," तिने दारातच बजावलं. "नंबर किती लावलायस?"

"चार. तूच सांगितलास."

"मी तीन म्हटलं होतं!"

"दादा तर चार म्हणाला."

मग नणंद फिसकन हसली. वहिनीने ओठ घट्ट आवळून धरले, पण तिलाही ते फार वेळ जमलं नाही.

नणंदेने चारचा तीन केला. चढता आकडा जागच्या जागी थांबला. पुन्हा प्रसंग सोडला, तशी बाहेरून डायरेक्टरची आरोळी आली, "पळाला! हत्ती पळाला!"

अजून नऊ सर्व्हर बाकी होते. वहिनी तिथेच खुर्ची ओढून बसली. नणंद स्विचवरचे नंबर वाचत गेली, वहिनी टाइप करत गेली, आणि मधे मधे अकरा दिवसांचं साचलेलं बोलणं. संध्याकाळी सहाला डायरेक्टर दोनदा खाकरला, तेव्हा कुठे दोघींनी पर्स उचलल्या.