पाच किलोंची पिशवी

टेबलावर दहा उकडलेली अंडी होती, चौदा सँडविच, सात केळी, बिस्किटांचे दोन पुडे आणि गोठवून टणक झालेल्या अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. सकाळचे सात वाजले होते. लॉजच्या खोलीत पाच माणसं आणि एकच टेबल, त्यामुळे बाकी सगळे पलंगांवर पाय दुमडून बसले होते आणि धाकटी एकटीच उभी होती. तिने सगळं एका पिशवीत रचलं, बाटल्यांभोवती टॉवेल गुंडाळला, पिशवी हातातल्या डिजिटल काट्याला अडकवली आणि श्वास रोखून आकडा वाचला.

"चार हजार नऊशे पंच्याऐंशी ग्रॅम."

"पंधरा ग्रॅम उरले," ताई म्हणाली. "माझी कानातली टाकू का?"

धाकटी दुधाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. घरात तिला सगळे तराजू म्हणत, आणि ती त्या नावाला ओ देत असे. दोन दिवस मनोरंजन पार्कात जायचं ठरलं तेव्हा तिने पार्काचे नियम तीनदा वाचले. बाहेरचं खाणं एका कुटुंबाला एक पिशवी, पाच किलोपर्यंत. पिशवी फाटकावर तोलली जाईल. मग तिने चौदा दिवस घरातल्या प्रत्येकाचं ताट जेवणाआधी आणि जेवणानंतर तोललं होतं. बाबांना चार सँडविच, ताईला तीन, तिला स्वतःला तीन, आईला दोन, भाचीला दोन. भाचीला सगळे मुंगी म्हणत, कारण साखरेचा डबा उघडल्याचं तिला तीन खोल्यांपलीकडून कळत असे.

हा सगळा खटाटोप दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळसाठी होता. पार्कातल्या तळ्याकाठी एक हॉटेल होतं. पांढरे टेबलक्लॉथ, पाच जणांचं जेवण चार हजार दोनशे. आईने एकतीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज दोनशे चाळीस माणसांना वाढलं होतं. ती स्वतः ओट्याला टेकून, उभ्यानेच जेवायची. तिला कोणीतरी खुर्ची ओढून बसवावं, समोर ताट आणून ठेवावं आणि ती उठू नये, एवढंच तराजूला पाहायचं होतं. आई आधी नाहीच म्हणाली होती. मग एका अटीवर कबूल झाली. पार्कात खाण्यावर जे वाचेल त्यातून जमलं तर जायचं, वरून एक पैसाही घालायचा नाही. वाचणारी रक्कम तराजूने पाकिटात वेगळी काढून ठेवली होती. पाकिटात बरोबर चार हजार दोनशे होते.

फाटकावरच्या रखवालदाराने पिशवी तोलली. "पाच हजार वीस."

"शक्यच नाही," तराजू म्हणाली. "मी तासाभरापूर्वी तोललीय."

"मॅडम, काटा माझा नाही, पार्काचा आहे."

तिने पिशवीत हात घातला. टॉवेल ओला होता. तिच्या लगेच लक्षात आलं. गार बाटल्यांवर हवेतली वाफ जमली होती आणि टॉवेलने ती इमानेइतबारे पिऊन टाकली होती. "हे पस्तीस ग्रॅम आमचे नाहीत," तिने समजावलं. "हवेतलं पाणी आहे."

"हवा तुमची नसेल, पिशवी तुमची आहे ना?"

मागे रांग चुळबुळत होती. बाबांनी शांतपणे पिशवीतून एक अंडं काढलं, रखवालदाराच्या टेबलावर टिचकवलं, सोललं आणि दोन घासांत संपवलं. "आता तोल," ते म्हणाले. "माझं पोट तोलायचा नियम आहे का?"

रखवालदाराने पिशवी आत सोडली. त्याने हसू दाबलं, पण मिशी हलली.

पिशवी बाबांनी घेतली. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, वर-खाली जाणाऱ्या कुठल्याही वस्तूखाली उभं राहून तारा बघायची त्यांना सवय होती, त्यामुळे प्रत्येक पाळण्यापाशी दहा मिनिटं जास्त जात होती. उरलेला वेळ रांगेत जात होता आणि रांगेत माणूस खातो. बारा वाजून दहा मिनिटांनी शेवटचं सँडविच संपलं. अडीच वाजता तराजूच्या फोनवर चौदा हजार तीनशे पावलं झाली होती. घरी ताटं तोलली त्या दिवसांत कोणी दोन हजारांच्या वर चाललं नव्हतं. हा आकडा तिने कुठेच धरला नव्हता.

साडेतीनला मुंगी रस्त्याच्या कडेला बसली. समोर फ्राइजची गाडी होती. "मी मागत नाहीये," ती म्हणाली. "मी फक्त वास घेतेय."

"वास घ्यायला पैसे पडत नाहीत, घे," ताई म्हणाली, पण तिचेही डोळे गाडीवरच होते.

तराजूने पाकीट उघडलं. पाच पुडे, सहाशे. उरले तीन हजार सहाशे.

आईने आपला पुडा हातात घेतला आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "चला, हॉटेलाचं राहिलं. बरंच झालं. उद्या संध्याकाळी खोलीवर मस्त बटाटे उकडते."

आई सुटल्यासारखी दिसत होती, आणि तराजूला तेच सहन होईना. रागावली असती तर परवडलं असतं.

संध्याकाळी खोलीवर तिने कागद काढला आणि आकडे मांडले. आई पलंगावर बसून बघत होती. थोड्या वेळाने तिला राहवलं नाही.

"एक विचारू? ते पाणी कशाला नेलंस गं?"

"प्यायला."

"नळ होते ना जागोजागी."

"आई, नळाच्या पाण्यात काय काय निघतं ते मी बघते रोज."

"सगळे पीत होते. कोणी पडलं का?" आईने कागद आपल्याकडे ओढला. "पाचातले दोन किलो पाणी. माझ्या कँटीनमध्ये असं कोणी केलं असतं तर त्याला भांड्यावर पाठवलं असतं."

तराजूने कागदावरचा आकडा पाहिला. दोन हजार ऐंशी ग्रॅम, टॉवेल वेगळा. तिने ते गोठवलंही होतं.

"आणि वाढायची वेळ चुकली," आई म्हणाली. आता ती सरसावून बसली होती. "भोंगा झाल्यावर वाढायला घेतलं की माणसं तुटून पडतात, दुप्पट खातात. मी भोंग्याच्या आधी वाटी वाटी सूप फिरवायचे. ती गाडीवाली किती वाजता तळायला लागते?"

"अकराला," मुंगी म्हणाली. तिने बघून ठेवलं होतं.

"मग आपण पावणेअकराला खायचं. परत दीडला, परत चारला. थोडं थोडं."

"म्हणजे तू येतेयस हॉटेलात?" ताईने विचारलं.

आपण कुठे येऊन पोचलो हे आईच्या आत्ता ध्यानात आलं. "जमलं तर, म्हणाले होते," ती म्हणाली. "वरून पैसा नाही."

सहाशे भरून काढायचे होते. लॉजच्या नाश्त्यासाठी पाचशे वेगळे ठेवले होते. त्याऐवजी समोरच्या दुकानातून बटाटे, अंडी आणि पाव दीडशेत आले. साडेतीनशे सुटले. सकाळी आईने खोलीतली किटली पाच वेळा लावली आणि खोलीभर वाफ केली. या वेळी पिशवीत घरून आणलेला उरला शिधाही होता आणि चारही बाटल्या रिकाम्या होत्या, सगळं वजन खाण्याचं होतं. फाटकावर चार हजार आठशे नव्वद भरलं. रखवालदाराने बाबांना विचारलं, "आज अंडं नाही?"

"पोट भरूनच आलोय," बाबा म्हणाले.

पावणेअकरा, दीड, चार. गाडीपुढून ते तीनदा गेले आणि मुंगीने एकदाही मान वळवली नाही. तराजू नळाचं पाणी प्यायली. पहिला घोट तिने जरा वेळ तोंडात धरला, मग गिळला.

अडीचशे अजून कमी होते. बाबांना रोलर कोस्टरवरचा आपला फोटो विकत घ्यायचा होता, दोनशे ऐंशीचा. ते पैसे त्यांनी घरूनच वेगळे आणले होते. संध्याकाळी ते काउंटरपाशी गेले आणि पडद्यावरचा फोटो बराच वेळ न्याहाळत राहिले.

"यात मी किंचाळतोय," ते म्हणाले. "पुरावा विकत कशाला घ्यायचा?" आणि नोटा तराजूच्या हातात ठेवल्या.

"हे वरून घातल्यासारखं झालं," आई म्हणाली.

"पार्कात खर्चायचेच होते. वाचले."

"खाण्यावर वाचेल ते, असं ठरलं होतं."

"बघून माझी भूक मेली. खाण्यातच धर."

आईने ताईकडे पाहिलं, ताईने तळ्याकडे. मग आई पदराने कपाळ पुसत हॉटेलच्या पायऱ्या चढू लागली.

वेटर पोरसवदा होता. त्याने आईची खुर्ची ओढली तेव्हा आईला वाटलं तो ती घेऊन चाललाय, म्हणून तिने ती घट्ट धरली. मग बसली. सूप आलं. तो पाच वाट्या एका हातावर पेलत होता, आणि आईचे दोन्ही हात टेबलावरून उचलले गेले. बाबांनी न बघता तिच्या हातात चमचा दिला.

"त्याचा अंगठा सुपात जातोय," आई कुजबुजली.

"तुझ्या नाही ना गेला? पी," ताई म्हणाली.

रिकाम्या वाट्या आई एकात एक घालू लागली. मुंगीने त्या परत सुट्या केल्या. पुढे मासा आला, भाजलेले बटाटे आले, आणि आईने पहिल्या घासाला मीठ कमी आहे असं सांगितलं, दुसऱ्याला काही सांगितलं नाही. तिसऱ्यानंतर ती तळ्याकडे बघत सावकाश चावू लागली.

"घड्याळात काय बघतेस सारखी?" तिने तराजूला विचारलं. "बस सुटतेय का?"

"नाही. बस तू."

आई बसली तेव्हा सात वाजून सहा मिनिटं झाली होती. ती उठली तेव्हा आठ वाजून बावीस मिनिटं झाली होती.